पुसलेला आवाज

कोल्हापूरजवळच्या फाउंड्रीतली भट्टी, पंप, क्रेन सुहास आणि वैजयंती या नवराबायकोनं मिळून एका यंत्रणेला जोडले. यंत्रणा बोलू लागली; पण सुहासनं काही सांगितलं की म्हणे, "वैजयंतीताईंना विचारते."

आज वैजयंती जेवायला गेल्यावर त्यानं चिडून यंत्रणेतून ओळखीसाठी साठवलेला तिचा आवाजच पुसला.

"पुसला," यंत्रणा म्हणाली. "भट्टी सांभाळायलाही त्यांनीच शिकवलंय. ते पुसू?"

समोर लोखंड रटरटत होतं. "नको!" सुहास ओरडला.

तेवढ्यात वैजयंती आली. "दमलीस का गं?" तिनं यंत्रणेला लाडानं विचारलं. सुहासला तिनं असं कितीतरी दिवसांत विचारलं नव्हतं.

"आपण कोण?" यंत्रणा म्हणाली.

वैजयंतीनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. त्याला तिच्याकडे बघवेना.