एक, दोन, अडीच

"खिशात मावला पाहिजे," ते गृहस्थ म्हणाले. "आणि फार भानगडीचा नको. मुलीला द्यायचाय. कॉलेजात आहे."

काउंटरवरच्या मुलीने काचेच्या कपाटातून दोन-तीन छोटे कॅमेरे काढून समोर मांडले. सकाळी तीही कॉलेजात जायची आणि दुपारपासून इथे उभी राहायची. दुकानाच्या मालकांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, की पुरुष आला तर काका म्हणायचं आणि बाई आली तर मावशी. नातं जोडलं की घासाघीस कमी होते.

"हा दिसायला झकास आहे काका, पण झूम नावालाच. दूरचं काढलं की सगळं पुसट. हा मधला घेतलात तर कमी उजेडातही फोटो चांगला येईल."

मालक पलीकडून खाकरले. इतकं खरं बोलायला ते तिला पगार देत नव्हते.

काका म्हटलं की गृहस्थ किंचित थांबायचे. केस काळे केलेले होते, त्यामुळे लागत असावं.

"तुम्ही स्वतःसाठी कुठला घेतला असता?" त्यांनी विचारलं.

"माझं सोडा हो काका. तिला काय आवडतं?"

त्यांनी मधला कॅमेरा उचलून उगाचच उलटा करून पाहिला. "तेच तर माहीत नाही."

"मग तिलाच घेऊन या की. बाहेरगावी असते का?"

"गावातच असते. माझ्याबरोबर येत नाही." मग कॅमेऱ्याकडे बघतच ते म्हणाले, "आईकडे राहते ती. बरीच वर्षं झाली."

परक्या काउंटरवर माणसं असं काहीबाही बोलून जातात. घरी ऐकायला नुसत्या भिंती असल्या तर जरा जास्तच बोलतात. मुलगी मेमरी कार्ड शोधायला खाली वाकली.

गिऱ्हाईक थंड पडतंय असं पाहून मालक स्वतःच पुढे आले. "नुसतं बघून काय कळणार साहेब? माझाच काढून बघा एक." त्यांनी टकलावर उरलेसुरले केस पसरले आणि पोट आत घेतलं.

गृहस्थांनी कॅमेरा डोळ्यांसमोर धरला. "एक, दोन, अडीच."

खटका पडला. पडद्यावर मालक अर्धवट तोंड उघडून, एक हात डोक्यावर ठेवून उभे होते.

"अहो, तीन कुठे गेले?"

"तीनची वाट बघता बघता माणसाचा दगड होतो," गृहस्थ पहिल्यांदाच हसले. "पासपोर्ट फोटोचा स्टुडिओ आहे माझा. सगळा जन्म त्यातच गेला. अडीचला भलेभले फसतात. आमच्या घरात एकच माणूस फसायचं नाही. दोन म्हटलं रे म्हटलं, की..."

फोन वाजला आणि मालक तिकडे धावले. वाक्य तिथेच राहिलं.

मुलगी कार्ड घेऊन वर आली. ते कुठल्या कॅमेऱ्यात घालायचं हे ती विसरली असावी, कारण तिने ते तसंच काचेवर ठेवलं.

"तिला फोटो काढायला आवडतात, हे तुम्हाला कसं कळलं?"

"तिच्या कॉलेजच्या व्हरांड्यात लावले होते. खाली नाव होतं. सगळे मोबाइलवर काढलेले आणि सगळे रिकाम्या खुर्च्यांचे." त्यांनी कॅमेरा काचेवर ठेवला. "सुट्टीच्या दिवशी गेलो होतो. उगाच कोणाला ओशाळवाणं व्हायला नको."

मुलीने लेन्स पुसायचं फडकं घडी केलं, उलगडलं आणि पुन्हा घडी केलं.

"हाच घ्या मग, मधला. काळा आहे आणि पिवळा आहे."

"काळाच द्या. पिवळा नको. मागे एकदा पिवळा स्वेटर पाठवला होता, तो परत आला. त्याआधी रंगपेटीही आली. आता हाही येईल म्हणा."

"कोण परत पाठवतं?"

"पुड्यावर 'नको' एवढंच लिहिलेलं असतं."

"अक्षर तिचंच असतं?"

या प्रश्नाने ते गडबडले. "तिचं अक्षर मी पाहिलेलं नाही. मी निघालो तेव्हा ती पाटीवर बदकं काढायची."

पलीकडे मालक फोनवर कोणाला तरी बॅटरीच्या टिकाऊपणाची हमी देत होते. मुलीने काळ्या कॅमेऱ्याचा खोका काढून काचेवर ठेवला, पण बांधायला घेतला नाही.

"आधी नीट चालवून बघा," ती म्हणाली. "नंतर तक्रार नको. माझा काढा."

"तुमचा?"

"का, चालणार नाही?"

ती काउंटरच्या बाहेर येऊन दाराजवळच्या उजेडात उभी राहिली. गृहस्थांनी कॅमेरा उचलला. या वेळी त्यांनी कोपर काचेवर टेकवलं.

"एक," ते म्हणाले. "दोन..."

मुलीचा तळहात चटकन तोंडावर गेला, पुढचे दात पडलेलं पोर झाकून घेतं तसा.

अडीच आलंच नाही. त्यांनी कॅमेरा हळूच खाली ठेवला.

मुलगी काउंटरच्या आत गेली. तिने काळा खोका उचलून फळीवर परत ठेवला आणि शेजारचा पिवळा काढला.

"मी काळा म्हणालो होतो," ते म्हणाले.

"मला पिवळा आवडतो, बाबा."