पन्नास पटीची दुर्बीण

रायफलीवर बसवायची तिसरी दुर्बीण तिवईवर ठेवून हेमांगी शिंत्रे दुकानाच्या गच्चीवरून दूरच्या टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहू लागली. टाकीवरचा आकडा पंचवीस पटीच्या दुर्बिणीतून धुरकट दिसला होता, चाळीस पटीच्या दुर्बिणीतून त्याहून धुरकट. आता पन्नास पटीतून तर तिथे आठ आहे की तीन, तेच कळेना.

"काचा पुसल्यात ना, जमादारभाई?" तिने दुकानदाराला विचारलं.

"दोनदा पुसल्या, ताई. उन्हाची झळ असेल."

सहाशे मीटरची स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती. महिनाभर तिचे नेम कारण न कळता हुकत होते. जुनी दुर्बीण कमी पडतेय, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. मग या महागड्या काचांना काय झालं?

जमादारभाईंनी स्वतः डोळा लावला. "आठशे त्रेसष्ट," ते सहज म्हणाले. "वर कबुतर बसलंय."

तिने पुन्हा उजवा डोळा लावला, तर सगळं तसंच धुरकट. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने डावा डोळा लावला. कबुतर चोचीने पंख साफ करत होतं.

"कुठली बांधून देऊ, ताई?"

"कुठलीच नको. जवळपास डोळ्यांचे डॉक्टर आहेत का?"

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन स्पर्धेनंतर ठरलं. स्पर्धेत तिने आयुष्यात पहिल्यांदाच रायफल डाव्या खांद्याला लावली आणि सत्तावीस जणांत चोविसावी आली. पण कुठली गोळी का हुकली, हे तिला पुन्हा कळू लागलं होतं.