उशाशी एक माणूस

रखमानं इस्पितळाच्या फाटकाचे बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. शिपाई ओढत होता, ती सोडत नव्हती. आत तिचा नवरा होता. सकाळीच त्याला वरळी कोळीवाड्यातल्या घरातून, जाळ्यांच्या ढिगाखालून बाहेर काढून इथं आणलं होतं. अंगात फणफणता ताप, जांघेत गाठ.

“डाक्तर, मना आत घ्या,” ती ओरडली. “धोंडूला पानी कोन पाजंल?”

डॉक्टर चिंतामण नवलकर फाटकाच्या आत उभे होते. नारळाच्या झापांच्या त्या तात्पुरत्या इस्पितळात खाटा भरलेल्या आणि राबणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. प्लेगच्या साथीत काही तरुण डॉक्टर स्वतःच अंथरुणाला खिळले, काही मुंबई सोडून गेले. म्हणून सरकारनं पेन्शनीत निघालेल्यांना काही महिन्यांपुरतं परत बोलावलं होतं. “अहो, साठी उलटली तुमची,” असं म्हणत आनंदीबाईंनी नवऱ्याला गिरगावच्या घरात अडवून पाहिलं होतं. पण वरून बोलावणं आलं की निघायचं, ही चिंतामणरावांची जन्माची सवय. उभ्या नोकरीत त्यांनी साहेबाला कधी ‘नाही’ म्हटलं नव्हतं.

नातेवाइकांना आत घ्यायचं नाही, हा इस्पितळाच्या गोऱ्या साहेबाचा हुकूम होता. त्यामुळे आत गेलेला माणूस घरच्यांना पुन्हा दिसत नसे. इथं माणसं मारतात, अशी कोळीवाड्यात बोलवा होती. आपल्या पायांनी इथं कुणी येत नव्हतं. माळ्यावर, होडीत, कुठंही लपवलेले रोगी शोधून आणावे लागत.

आतून धोंडूचं कण्हणं ऐकू आलं. रखमानं कपाळ बांबूला टेकलं.

“आत आलीस तर तुलाही ताप येईल,” डॉक्टर हळूच म्हणाले. “आणि मनात आलं म्हणून बाहेर पडता येणार नाही.”

“मी कुटं बाहेर जातंय?”

डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं अडसर काढला.

साहेब धावत आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “नवलकर! मी तुमच्याविरुद्ध वर लिहीन. आजच्या आज घरी जाल!”

चिंतामणरावांनी रखमाला आत घेतलं. बोलताना आवाज थरथरला नाही, याचं त्यांनाच नवल वाटलं.

“जरूर लिहा, साहेब. माझी नोकरी कधीच संपली आहे. मी आत्ताही जातो. पण इतक्या खाटांकडे उद्या कोण बघणार, तेवढं सांगा.”

साहेबानं भरलेल्या खाटांकडे एकदा पाहिलं. मग पाठ फिरवून निघून गेला.

धोंडू वाचला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो गेला. रखमाला काही दिवस वेगळ्या छपरात ठेवलं, ताप आला नाही तशी घरी सोडलं. ती फाटकातून निघाली ती मागं न बघता.

“काय मिळवलंत?” साहेबानं विचारलं. चिंतामणराव मान खाली घालून पुढच्या खाटेकडे वळले. नियम मोडला आणि माणूसही गेला. आनंदीबाईंचं ऐकायला हवं होतं, असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

रखमा घरी गेल्यावर आठवडाभरानं कोळीवाड्याच्या वाटेवरून एक डोली येताना दिसली. बरोबर शिपाई नव्हते. चार कोळी ती वाहत होते आणि पुढं रखमा चालत होती. डोलीत तिची नणंद काशीबाई तापानं ग्लानीत पडली होती. मागून काशीबाईचा नवरा दगडू काखेत वळकटी घेऊन येत होता.

डॉक्टर लगबगीनं पुढं झाले. त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

“रखमे, तूच हिला इथं आणलंस? अगं, तुझा धोंडू तर इथंच गेला.”

“गेला ना,” रखमा म्हणाली. तिनं पदरानं काशीबाईच्या कपाळावरचा घाम टिपला. “पन माज्या मांडीवर गेला.”