परतीचे रुमाल

चौदा फेब्रुवारीला, बायकांनी पुरुषांना चॉकलेट द्यायच्या दिवशी, ऑफिसातली कुराता चॉकलेटचा डबा घेऊन इसोबेसाहेबांच्या दारात हजर झाली. साहेब जाऊन चार महिने झाले, तरी हिचं चालूच. त्यांच्या बायकोने, सातोएने, दार अर्धंच उघडलं.

"वहिनी, फोटोपुढे एवढं ठेवू द्या. मग पुन्हा नाही यायची."

"वहिनी कुणाची गं? ऑफिसातल्या बाकीच्या बायका दुकानातलं एक खोकं आणून सगळ्या पुरुषांना वाटायच्या. तू तेवढी ह्यांच्यासाठी घरी करायचीस. मला कळत नव्हतं होय?"

शेजारीण आपल्या दारातला बर्फ ओढता ओढता थांबून ऐकत होती. नाइलाजाने सातोएने तिला आत घेतलं.

कुराताने देव्हाऱ्यातल्या फोटोपुढे डबा ठेवला, उदबत्ती लावली आणि पर्समधून रुमाल काढून डोळ्यांना लावला. पांढरा, कोपऱ्यात निळं फूल भरलेला. सातोएने तो बघताक्षणी ओळखला.

"छान आहे रुमाल."

"साहेबांनी दिलेला. चॉकलेटची परतभेट म्हणून दर मार्चात एक द्यायचे. सगळे जपून ठेवलेत मी."

"ते कसले देतायत! त्यांना स्वतःचे मोजे निवडता येत नव्हते. परतभेटी मीच आणायची. बाकीच्यांना बिस्किटं, तुला रुमाल. आपल्यात रुमाल कधी देतात, माहीत आहे ना? कायमचा निरोप देताना. दरवर्षी तुला 'चालती हो' म्हणत होते मी, आणि तू ते जपून ठेवलंस!"

कुराताचा चेहरा पडला. सातोएला बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं.

कुराताने रुमालाची घडी घातली. "आणि माझं चॉकलेट कोण खायचं?"

"मीच. त्यांना गोड चालत नव्हतं."

"ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी बोलले होते, चॉकलेट बायको खाते, तिला कडूच आवडतं." ती उठली. "म्हणून कडूच करत आले. नाहीतर माझा डबा तुम्ही घरात येऊ दिला असता?"

रुमाल तिथेच ठेवून ती निघून गेली.

सातोएने डबा उचलला तो कचऱ्यात टाकायला. पण झाकण उघडलंच. एक तुकडा तोंडात टाकला. नेहमीसारखाच, तिला हवा तितका कडू. दुसराही खाल्ला. मग ती फोटोवर खेकसली,

"तिचे डबे इकडे, माझे रुमाल तिकडे, जन्मभर वाहिलेत तुम्ही! हमाल नुसते!"