अनोळखी स्टेशन

हिरवी बोट बेटाला लागली तेव्हा बरोबर चार वाजले होते. बोटीचा तांडेल ओरडला, "बाई, आवरा! ओहोटी लागायच्या आत निघायला हवं!"

पण सुनेत्राताई कर्णिक रेडिओसमोरून हलेनात. हौशी रेडिओवाल्यांच्या मोहिमेतले बाकीचे आधीच्या फेरीने परतले होते. काल याच वेळी, वादळात एकट्या, त्या मदतीसाठी हाका मारत होत्या. लहान होडी घेऊन निघणारच होत्या, तेवढ्यात रेडिओवर एक बाई म्हणाली, "जागच्या हलू नका. उद्या चारला हिरवी बोट येईल." तिने आपली कॉलसाइन, म्हणजे प्रत्येक स्टेशनने सांगायलाच हवी अशी ओळखीची अक्षरं, सांगितली नाही, म्हणून ताईंनी चिडून वहीत लिहिलं, 'अनोळखी स्टेशन. शिस्त नाही.'

आता रेडिओतून त्यांचाच कालचा घाबरा आवाज हाका मारत होता.

त्यांनी बटण दाबलं. तीस वर्षांच्या सवयीने कॉलसाइन ओठांवर आली. पण स्वतःचीच कॉलसाइन ऐकली, तर पलीकडची कालची सुनेत्रा थट्टा समजून रेडिओ बंद करेल आणि होडीत बसेल. ताईंनी कॉलसाइन गिळली.

"जागच्या हलू नका. उद्या चारला हिरवी बोट येईल."

"कोणाशी बोलताय?" तांडेलाने विचारलं.

"आहे एक. आता वहीत मला शिव्या घालत असेल."