प्लेटीचा तळ

निघताना बहिणीनं दम दिला, “लोरीनकडे जेवताना प्लेट उलटून शिक्का बघायचा नाही, हार्लन. लग्नाचं विचारलंयस तिला, विचिटाच्या लिलावाला नाही चाललास!” आम्ही रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या जुन्या प्लेटा जमवणारे, कुणाच्याही घरी आमचा हात आधी तळावरच्या रेल्वेच्या शिक्क्याकडे जातो. लोरीननं नेमकी निळ्या काठाची, इंजिनाचं चित्र असलेली प्लेट मांडली. मी मन मारून रोस्ट खात राहिलो. “प्लेट आवडली?” तिनं विचारलं. “रोस्ट फक्कड झालंय.” तिनं ग्रेव्हीचा चमचा आपटला. नकारच येणार, मी समजलो. टोपी घ्यायला उठलो तशी ती कडाडली, “सतरा घरची ताटं पालथी केलीस आणि आजच शहाणपण सुचलं? उलटव ती, गाढवा!” मी उलटवली. ग्रेव्ही थेट विजारीवर. तळाला लाल लिपस्टिकनं लिहिलं होतं, ‘हो’. शिक्का कुठल्या रेल्वेचा होता, ते मात्र बघायचंच राहिलं.