डॉक्टरबाईंचं अक्षर

सूतिकागृह विकलं तरी परवाना विकता येत नाही, आणि कागदपत्रं नव्या मालकाच्या हवाली करण्याआधी प्रत्येक पेशंटच्या घरी पत्राने विचारावं लागतं, असं वकिलांनी बजावलं होतं. म्हणून डॉक्टरबाई आणि म्हाताऱ्या सिस्टर महिनाभर पाकिटं चिकटवत होत्या. एकेक नाव निघालं की हसू फुटायचं: "हिने माझं मनगट चावलं होतं!" एका दुपारी एक तरुणी पत्र घेऊन आली. "हे बाबांना आलं. आई माझ्या जन्मावेळीच गेली. तिची फाइल मला मिळेल?" "तुझीच आहे ती," म्हणत बाईंनी फाइल दिली. तिने पान उलटलं. "अक्षर लागत नाही हो." "माझ्याशिवाय कुणालाच लागत नाही." बाई चष्मा लावून सावकाश वाचू लागल्या. "रक्तस्राव थांबेना. बाळ मागितलं. छातीशी धरलं. म्हणाली, नाक माझ्यावर गेलंय." तरुणीचा हात नकळत नाकाकडे गेला.